नावाखालची ओळ

त्या वर्षी बँक बुडाली, आणि तिच्याबरोबर
आमच्या वार्षिकाच्या छपाईचे पैसे.
मिस टिबेट म्हणाल्या, सायक्लोस्टाइल करू.
टायपिंगमध्ये मी पहिली,
म्हणून ते चाळीस पानी लोढणं माझ्या गळ्यात.

नेब्रास्का. एकोणीसशे चौतीसचा मे.
आम्ही नऊ जण शाळा संपवत होतो.
खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबलेल्या,
तरी सकाळी टाइपरायटरच्या कळांवर
कुणाच्या तरी शेताचा पातळ थर असायचाच.
फुंकर मारायची आणि सुरू करायचं.

वर्गाचं फूल मतदानाने ठरलं : स्वीट पी.
पाच विरुद्ध चार.
उगवलं एकही नाही.
लिओटाच्या आईने क्रेप कागदाची करून दिली,
त्यांचा गुलाबी रंग घामाने सुटून
आमच्या कॉलरांवर उतरला.
पळून जायच्या दिवशी
हास काकांच्या ट्रकमधून नदीवर गेलो पोहायला,
नदी नव्हती.
वाळूत बसून सँडविचं खाल्ली,
आणि दातांत जे करकरलं
त्याबद्दल कुणी बोललं नाही.

प्रत्येक नावाखाली एक ओळ द्यायची होती.
लिओटा हास : मुलींचा बास्केटबॉल, नाटक, वर्गाची खजिनदार.
खजिन्यात एक डॉलर दहा सेंट.
एल्विन ड्युसेक : वादविवाद, ट्रॉम्बोन, वक्तृत्वात तिसरा,
हे त्याने मला दोनदा येऊन सांगितलेलं.
व्हर्ला स्ट्रॉमक्विस्टची ओळ समासाबाहेर गेली,
पुढे तीही गेली, डेन्व्हरला,
एका विमा एजंटबरोबर.

मग मिलो वोंद्रा.

पहाटे अकरा गायींच्या धारा काढून
सहा मैल चालत यायचा,
शेवटची घंटा झाली की सहा मैल परत, पुन्हा त्याच अकरा.
चार वर्षांत एकाही फोटोत नाही.
हाताला सदैव कोमट दुधाचा वास,
म्हणून मुली शेजारी बसत नसत.
मीही नाही.

नावाखाली कोरी जागा.
रात्रीचे नऊ वाजलेले, कंदिलाची काच काजळलेली.
गायी मोजता येत नव्हत्या उपक्रमांत.
मी पदरचं घातलं :
गायनवृंद, १, २, ३, ४.

वार्षिक वाटलं तेव्हा त्याने आपलं पान काढलं,
वाचलं, कान लाल झाले,
आणि माझ्याकडे न बघता
घडी घालून सदऱ्याच्या आत ठेवलं.

त्याच्या आईला इंग्रजी यायचं नाही.
धाकट्या बहिणीने चेकमध्ये वाचून दाखवलं म्हणे,
चार वेळा.

पदवीदानाला ती आली.
तिसरी रांग, काळी हॅट, मांडीवर नीट ठेवलेले हात.
गायनवृंद उभा राहिला,
आणि ती मिलोकडे बघत राहिली.
नुसती बघत राहिली,
गाडी यायची वेळ झाल्यावर
माणसं रुळांकडे बघतात तशी.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
तो मागच्या रांगेच्या टोकाला, माझ्या अगदी पाठीशी
येऊन उभा राहिला. एल्विनने डोळे वटारले,
पण जरा सरकला.

तीन कडवी.
मला मागे सूर ऐकू आला नाही,
फक्त श्वास.
आम्ही घेत होतो तिथेच घेतलेला,
आम्ही सोडत होतो तिथेच सोडलेला,
थोडासा दुधाचा.

नंतर अंगणात ती माझ्याजवळ आली,
माझा हात धरून चेकमध्ये काहीतरी लांबलचक बोलली.
मिलो बूट बघत होता. म्हणाला,
आई विचारतेय, घरी का गात नाही हा.

काय सांगितलं मी तेव्हा, आता आठवत नाही.
आठवतं ते एवढंच, की त्या रात्री
चुका खोडायच्या लाल द्रवाची बाटली
माझ्या उजव्या हाताशी होती,
बूच उघडं,
आणि तो वाळत चालला होता.